थुंकीवाल्या वन्सं आणि ह्यांचं डोकं

आमच्या वन्सं लोकांना थुंकायला लावायचा पगार घेतात. खोटं नाही सांगत. आधी हसून घ्या, मग ऐका.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. आरोग्य खात्यात नर्स. इतकी वर्षं सुया टोचल्या, पोरांची भोकाडं ऐकली, आणि एक दिवस साहेबांनी बोलावून सांगितलं, "सिस्टर, विद्यापीठाशी आपला करार झालाय. आईबापांकडून पोरांकडे कुठले आजार येतात ते शोधायचंय. माणसं आपली, यंत्रं त्यांची. मधे तुम्ही."

मधे म्हणजे अगदी मधेच. खात्याच्या इमारतीत जिन्याखालची खोली मिळाली. तिथे एक खुर्ची विद्यापीठाची, चाकांची, बसलं की पळणारी. दुसरी खात्याची, लाकडी, बसलं की कुरकुरणारी. वन्सं म्हणतात, "वहिनी, दोन्ही खुर्च्या आपापल्या मालकांवर गेल्यात गं." विद्यापीठाच्या प्रोफेसरबाईंना सगळं कालच हवं असायचं, आणि साहेबांना शिक्का मारल्याशिवाय काहीच नको असायचं.

तपासणी सोपी होती. छोट्या नळीत रेघेपर्यंत थुंकायचं, झाकण लावायचं, नळी विद्यापीठात. पण माणसं जिथे उभी राहायची, बरोबर त्याच भिंतीवर खात्याची जुनी पाटी: 'येथे थुंकू नये.' खाली दंडाची धमकी. वन्सं नळी हातात देऊन म्हणणार "थुंका," आणि माणूस पाटीकडे बघून गिळणार! पाटी काढायची तर साहेबांची परवानगी हवी. साहेब म्हणाले, ती वरून यायला हवी. वरचे कोण ते आजवर कुणी पाहिलेलं नाही.

शेवटी वन्संनी पाटीवर टॉवेल टाकला, टेबलावर लिंबू चिरून ठेवलं आणि तोंड सुरू केलं. "बघा हं, कसलं आंबट आहे! रस बघा, रस! दाताला लागला की कसं शिरशिरतं..." समोरच्याच्या तोंडाला असं पाणी सुटायचं की नळी भरून हनुवटीवर. ते बघून प्रोफेसरबाईंनी तोंडात बोटं घातली, आणि वन्संनी ओरडून त्यांना हात धुवायला पाठवलं.

पहिली नळी वन्संनी स्वतःचीच भरली होती, लोकांना दाखवायला म्हणून. प्रोफेसरबाईंनी ती पर्समध्ये टाकून नेली आणि नेमकी तीच नळी बोलली. वन्संच्या रक्तात चरबी साठते, आणि ते खाण्यापिण्यामुळे नाही, जन्मापासूनचं आहे, घराण्यातून आलेलं. माझे सासरे असेच गेले होते. जेवता जेवता, हात ताटातच.

"औषध घेतलंत तर सांभाळता येतं," प्रोफेसरबाई म्हणाल्या. "पण भावालाही बघायला हवं. असण्याची शक्यता निम्मी."

भाऊ म्हणजे आमचे हे. वडील ज्या वयात गेले त्या वयाला आता टेकलेले. जिना चढले की छातीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "गॅस आहे."

वन्सं त्याच संध्याकाळी घरी आल्या. "दादा, उद्या ये नळी भरायला."

"तिथे थुंकायला मनाई आहे."

"टॉवेल टाकलाय पाटीवर."

"टॉवेल टाकला म्हणून कायदा झाकला जात नाही. मी कायदा पाळणारा माणूस आहे."

कसला कायदा नि कसलं काय! खरं कारण मला ठाऊक. ह्यांच्या डोक्यावर जे काळंभोर, दाट, भांग पाडलेलं दिसतं ना, तो टोप आहे. बायको सोडून कुणालाच माहीत नाही अशी ह्यांची ठाम समजूत. आणि कुठूनतरी ऐकून आले होते की थुंकीवरून टक्कलसुद्धा कळतं. "उद्या माझं डोकं अख्ख्या विद्यापीठात गाजेल," मला म्हणाले, कुजबुजत, घरात दोघंच असताना.

मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसले. मग मात्र भीतीच वाटली. हा माणूस डोकं वाचवायला जीव घालवायला निघालाय! बाहेर येऊन म्हटलं, "अहो, केस गेले तर टोप मिळतो. तुम्ही गेलात तर मी काय विकत आणू?"

रात्री टोप विंचरून ठेवला. सकाळी निघाले नळी भरायला.

मीही गेले बरोबर, न जाऊन सांगते कुणाला! हे नेमके चाकांच्या खुर्चीवर बसले. खुर्ची पळाली. माणूस पडताना खुर्ची धरतो की नाही? ह्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. वन्संनी लिंबू पुढे केलं आणि भरली एकदाची नळी. लढाई जिंकल्यासारखे घरी आले.

आता इथे येतात शिक्केमामा. खात्यातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर शिक्का मारणं हे त्यांचं काम. भरलेल्या नळ्यांचा पहिला मोठा डबा निघाला तो त्यांच्याच टेबलावरून. मामांनी एकेक नळी उचलली, चष्मा पुसला, आणि पांढऱ्या चिठ्ठीवर बरोबर मधोमध गोल शिक्का हाणला. कुठे? तर विद्यापीठाचं यंत्र ज्या काळ्या रेघा वाचून माणूस ओळखतं, त्या रेघांवर.

प्रोफेसरबाईंचा फोन आला. "सिस्टर, कुठली थुंकी कुणाची, काही पत्ता नाही!"

मामा म्हणाले, "पण मॅडमना विचारा, एक तरी शिक्का तिरका आहे का?"

झालं. सगळ्यांनी पुन्हा थुंकायचं.

बाकीची माणसं कुरकुरत का होईना, आली. हे हटून बसले. "एकदा अब्रू पणाला लावली. पुन्हा नाही म्हणजे नाही."

वन्सं एरवी कशाचीही थट्टा करतील. त्या दिवशी नाही केली. समोर बसून म्हणाल्या, "दादा, बाबांचा हात ताटात होता, तेव्हा तू माझे डोळे झाकले होतेस. आठवतं? उद्या तुझं काही झालं तर मी कुणाचे झाकू?"

हे पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तसं नाही गं. पण ते... डोक्याचं..."

"टोपाचं म्हणतोस?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"वहिनी नाही बोलली काही," वन्सं म्हणाल्या. "गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेला टोप कावळ्याने पळवला होता. गल्लीतल्या पोरांनी तो आणून कुणाला दिला? मला. मीच धुऊन, भांग पाडून परत दोरीला लावला."

"पोरांना माहीत आहे?"

"अरे, कावळ्याला माहीत आहे! शिक्केमामा तर कधीचे विचारतायत, दादांनी कुठून घेतला, चांगला बसलाय. त्यांनाही हवाय एक."

ह्यांचा चेहरा आधी पडला, मग जरासा उजळला. "खरंच म्हणाले, चांगला बसलाय?"

दुसऱ्या सकाळी ह्यांनी टॉवेल स्वतः बाजूला सारला, पाटीकडे डोळे रोखून बघितलं आणि लिंबाशिवाय नळी भरली.

निघालं, वन्संना होतं तेच निघालं. लगेच हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "वेळेवर आलात." त्या रात्री वन्सं आमच्याकडेच जेवल्या आणि मधूनमधून ह्यांच्या ताटाकडे बघत राहिल्या. हे खात होते. दोनदा वाढून घेतलं.

आता ह्यांची गोळ्यांची डबी टोपाच्या खोक्यात असते. टोप उतरला की गोळी, त्यामुळे कधी चुकत नाही. शिक्के झाकणावर मारायचे असं मामांनी मान्य केलंय, टोपाच्या दुकानाचा पत्ता मिळाल्यावर.

आणि परवा हे जिना चढून वर आले, तेव्हा छातीवर हात नव्हता. दोन्ही हात डोक्यावर होते. वारा सुटला होता.