व्याही, विहीण आणि ई ड्राइव्ह

बंद पडलेलं यंत्र पाहून हळहळणारी माणसं पुष्कळ असतात, पण चांगलं चालणारं यंत्र पाहून बेचैन होणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे आणि तो माझा व्याही आहे. राहायला आणे पठारावर, घरची पिठाची गिरणी आणि खिशात इतरांचं पेन असतं तिथं यांचा स्क्रूड्रायव्हर. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला ते आमच्या घोडेगावच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा वडीलधारी मंडळी तारखेचा खल करत होती आणि हे छताकडे बघत बसले होते. मला वाटलं, मुलगी पसंत पडलेली दिसत नाही. तेवढ्यात म्हणाले, “पावणं, तारीख कुठलीबी धरा, पर ह्यो पंखा लंगडतोय. एक स्टूल द्या.” त्या पंख्याला पूर्वी पाच वेग होते. आता एकच आहे आणि तो असा, की त्याच्याखाली वर्तमानपत्र वाचायचं तर चारी कोपऱ्यांवर माणसं बसवावी लागतात. पुढं लग्नातही मंगलाष्टकं सुरू झाली तरी नवरदेवाचे वडील सापडेनात. शोधाशोध केली, तर फेटा काखोटीला मारून स्पीकरवाल्याच्या मागं वायरी सोलत बसलेले. “आवाज फाटत व्हता, राव,” म्हणाले. शेवटची मंगलाष्टकं भटजींनी माइकशिवाय म्हटली आणि मागच्या रांगांनी पुढच्यांचे हात बघून अक्षता टाकल्या.

इतकं होऊनही त्यांच्यावर रागावणं मला कधी जमलं नाही. एक तर ते येताना गिरणीतलं ताजं बाजरीचं पीठ मांडीवर घेऊन एसटीतून येतात आणि त्यांचा शर्ट पांढरा की पिठाळलेला, हे शेवटपर्यंत कळत नाही. दुसरं म्हणजे माझ्या मुलीवर त्यांची अशी माया, की तिचा मिक्सर ते बिघडण्याआधीच दुरुस्त करून ठेवतात. यंत्रांबाबत त्यांचा एक ठाम नियम आहे. “मशीननं काय इचारलं, की हो म्हणायचं. न्हाई म्हनलं की ते रुसतं.” मोबाइलनं, एटीएमनं, कशानंही काहीही विचारलं, तरी व्याही न वाचता होकार देतात. त्यामुळे त्यांचा मोबाइल गेले काही महिने तमिळमधून बोलतो आहे.

गेल्या उन्हाळ्यात ते माझ्या मुलीला घेऊन आमच्याकडे मुक्कामाला आले. दुपारी मी डोळा लागून उठलो, तर माझा कॉम्प्युटर उघडा पडलेला आणि व्याही सायकलच्या पंपानं त्याच्या पोटात वारा घालताहेत. “लई धूळ व्हती.” व्याह्याला ‘राहू द्या’ फार तर दोनदा म्हणता येतं, तिसऱ्यांदा म्हटलं की तो अपमान होतो. माझं दोनदा म्हणून झालं. मग त्यांनी झाकण लावलं, बटण दाबलं आणि पडद्यावर सी ड्राइव्ह एकटाच उभा राहिला. माझ्या कॉम्प्युटरात दोन हार्ड डिस्क आहेत. नवीवर सी आणि जुनीवर डी आणि ई. जुनीवरचे दोन्ही गायब. “जात्यात कुठं? हितंच आसतील,” असं ते कोंबड्या चुकल्यासारखं म्हणाले. मी पडद्यावर पुन्हा पुन्हा ई शोधत राहिलो.

ते त्यांच्या लक्षात आलं असावं. “काय म्हत्त्वाचं व्हतं का त्यात?”

“मुलीची आई होती,” मी म्हणालो.

माझी बायको मुलीच्या लग्नाच्या आधीच गेली. व्याह्यांनी विहिणीला पाहिलं ते भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत. तिला कॅमेऱ्याचं वावडं होतं, त्यामुळे तिची बोलतानाची, हलतानाची एकच छोटीशी फीत माझ्याजवळ होती आणि ती त्या ई ड्राइव्हमध्ये होती. दुसरी प्रत नव्हती. हे ऐकून व्याही खाली बसले. त्यांना मी इतका वेळ हात न हलवता बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी मला डिस्क दिसतात ती जागा उघडायला लावली. उघडताच कॉम्प्युटरनं एक चौकट पुढं केली. मी मराठीत सांगितलं, “जुनी डिस्क कोरी आहे म्हणतोय. नव्यानं तयार करू का, असं विचारतोय.” व्याह्यांचं बोट सवयीनं माउसकडे गेलं आणि मध्येच थांबलं. “कोरी कशी आसंल? आत विहीणबाई हायेत,” ते म्हणाले आणि त्यांनी जपून ‘नाही’वर बोट दाबलं.

कॉम्प्युटर बंद करून त्यांनी पुन्हा उघडला. मुलीनं मोबाइलचा टॉर्च धरला. जुन्या डिस्कला जोडणारी वायर पंपाच्या धक्क्यानं अर्धी सुटली होती आणि तिचं तोंडही चिरलं होतं. “ह्ये माज्याच हातनं झालं,” एवढंच म्हणून ते भर उन्हात बाजारात गेले, नवी वायर घेऊन आले आणि चहाला हातही न लावता ती बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला. सी आला, डी आला, आणि मग ई आला.

फीत लावली. बायको भाकरी थापत होती. “अहो, ठेवा ते! हाताला पीठ लागलंय माझ्या,” म्हणाली आणि हसायला लागली. तिचं हसणं असं, की आधी नुसते खांदे हलायचे आणि आवाज मागून यायचा. शेजारी टॉर्च धरून उभी असलेली मुलगी डोळे पुसता पुसता हसू लागली.

व्याही खुर्चीवरून उठले. खुंटीवरची टोपी घेतली, नीट डोक्यावर ठेवली आणि पडद्यापुढं हात जोडून म्हणाले, “राम राम, विहीणबाई.” मग एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्या मुलीकडे बघून मला म्हणाले, “पावणं, आमच्या सूनबाईचं हसणं कुठनं आलं, ते आज घावलं.”

मी त्या दोघींबरोबर इतकी वर्षं राहिलो, पण ते मला कधी दिसलं नव्हतं. व्याह्यांनी माझी खुर्ची पडद्याजवळ ओढून दिली आणि हळूच म्हणाले, “परत लावा. मला काय घाई न्हाई.”