बेलांगचं दावं

तुकिनेम लग्न होऊन कालीवुनीत आली तेव्हा सासूनं तिला पहिल्यांदा शिकवलं ते डोंगराविषयी कसं बोलायचं, ते. रांधणं, उष्टं-खरकटं सगळं त्याच्या मागून.

चुलीपाशी बसून तिनं आपलं सहज विचारलं होतं, "आत्याबाई, ह्यो डोंगर आपल्या दारावरच फुटला तर वो?"

सासूनं हातातली उकडलेल्या सोयाबीनची परात तशीच खाली टाकली आणि सुनेच्या तोंडावर ओला हात दाबला.

"जीभ आवर, भवाने! फुटंल तुझं मडकं. आजोबा हायेत ते. आजोबांकडं कार्य असतं. मांडव पडतो, धूर हुतो, आवाज हुतो, पाव्हणं उतरत्यात. कार्य उरकलं की म्हातारा परत गप. काय समजलं?"

"आजोबांकडं कार्य असतंय."

"हां. आन् आपल्याला त्याचं बोलावणं न्हाई आलं म्हंजे बरं."

आता तुकिनेमच्या तोंडात स्वतःचे दात थोडेच उरलेत, पण तो ओला हात आणि त्याचा सोयाबीनचा उग्र वास तिला अजून ओठांवर जाणवतो. त्या वासासकट सगळी कालीवुनी तिच्यापुढं उभी राहते. जावा बेटावरच्या मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरची ती शेवटची वाडी. तिच्या वर माणसाचं घर नव्हतं, नुसतं जंगल आणि मग आजोबा.

घर बांबूच्या तट्ट्यांचं. अर्ध्यात चूल आणि माणसं, अर्ध्यात गाय. मधे भिंत नाही, एक आडवा बांबू तेवढा. पहाटे डोंगरावरचं गार वारं तट्ट्यातनं शिरायचं तेव्हा तुकिनेम चूल पेटवायच्या आधी गाईच्या तोंडासमोर जाऊन बसायची आणि तिच्या उच्छ्वासात हात शेकायची. नवरा कर्सिदी अंथरुणातनंच ओरडायचा, "आगं, च्या ठिव की! गाईच्या नाकावर पाणी उकळतंय व्हय?"

"तुमच्यापरास ऊन हाये ती."

"मग तिच्याशीच लगीन करायचं हुतं."

"इचारलं हुतं. ती न्हाई म्हणाली. म्हणून तुमी."

शेजारचा मार्तो हे पलीकडून ऐकायचा आणि खो खो हसायचा. मार्तोच्या दोन गाई होत्या आणि लवंगाच्या सिगारेटी ओढून ओढून पिवळी पडलेली बोटं होती. त्याची बायको सर्जियेम त्याला म्हणायची, "दुसऱ्याच्या घरातलं काय ऐकतुयास? हितं शेण पडलंय ते उचल."

बेलांग ही तुकिनेम आल्यापासूनची त्यांच्या घरातली तिसरी गाय. काळ्या-पांढऱ्या अंगाची, म्हणून बेलांग, म्हणजे बांडी. ती जन्मली त्या साली आजोबांनी राख उधळली होती. गवत धुवायचं राहिलं, बेलांगच्या आईनं राखेसकट खाल्लं, पोट फुगून गेली बिचारी. राख काही दिसायला वाईट नसते, पिठासारखी मऊ असते. पण जनावराचे दात झिजवते, पोट जाळते, छपरावर साचून वर पाऊस पडला की वासा मोडते. वरून लाल निखारे घरंगळताना दिसले की नवखा माणूस घाबरतो. कालीवुनीतले लोक घाबरायचे ते दरीला. दरीतून तापल्या धुराचे लोट लोळत उतरत, त्यांना गावात झिपरी मेंढरं म्हणत. ती मेंढरं पायवाटेला आली, तर पळायलाही वेळ मिळत नसे.

पोरकं वासरू तुकिनेमनं बाटलीवर वाढवलं. रोज सकाळी दूध घालायला ती उतारावरून पार खाली, दुधाच्या टाकीपर्यंत जायची आणि वासरू मागं मागं. टाकीवर चाऱ्यात मिसळायच्या काकवीचं पिंप असे. तिथला माणूस त्या वासराला काकवीत बुडवलेलं बोट चाटायला द्यायचा. गाय झाली तरी बेलांगची ती खोड गेली नाही. दावं सैल राहिलं की समजावं, बाईसाहेब टाकीवर.

आता दाव्याचं सांगायला पाहिजे. आजोबांकडं कार्य निघालं की सरकारी ट्रक यायचे आणि माणसांना खालच्या शाळेत नेऊन ठेवायचे. माणसं जायची. पण गाय तिच्या खुंट्यालाच राहायची, दाव्यानं बांधलेली. दावं सोडलं म्हणजे घर सोडलं, असं कालीवुनीत धरत. आजोबांना वाटेल, ही माणसं जागा टाकून गेली. मग ते पाय पसरतील. म्हणून गडी रोज सकाळी पोलिसांचा नाका ओलांडून वर जायचे, गवत टाकायचे, पाणी पाजायचे आणि परत. दरवेळी कार्य उरकायचं, माणसं घरी यायची, छपरं झाडायची. दरवेळी दावंच खरं ठरायचं.

त्या साली बेलांग गाभण होती, दिवस भरलेली. शाळेत येऊन आठवडा उलटला तरी वरचा धूर खाली बसेना. नाक्यावरचा शिपाई रोज म्हणायचा, "काका, वर जायचं न्हाई."

कर्सिदी म्हणायचा, "साहेब, बाळंतपण हाये."

"काल बी हेच म्हणाला हुतासा."

"आवं, मग काल झालं न्हाई न्हवं का!"

मार्तो मागच्या फटफटीवर बसून दात काढायचा आणि दोघंही निघून जायचे.

एका सकाळी तुकिनेम हट्टानं कर्सिदीच्या मागं बसली. वर गेली तर घर ओळखू येईना, सगळं करडं. बेलांगच्या पाठीवर गोधडी घातल्यागत राख. कर्सिदी निवांत बादलीत गवत खळबळून धुवत होता, तोंडात सिगारेट. मागं दरी धुमसत होती आणि ह्याचं आपलं चाललंय, गवताचा एकेक चूड पिळून गाईपुढं टाकणं. ह्याला घाईच नाही. तुकिनेमला कळून चुकलं. गाय इथं आहे तोवर हा माणूस रोज येणार. एक दिवस मेंढरं उतरतील आणि हा बादलीपाशी वाकलेला असेल.

"चल आता," म्हणून तो बाहेर फटफटीला लाथा मारायला लागला.

"आले. तेवढं पातेलं घिऊन येते."

आत जाऊन तिनं आढ्यातला विळा ओढला. गाठ राखेनं आणि ओलीनं दगड झाली होती, म्हणून दावंच कापलं. सासूची आठवण झाली, तोंडावर दाबलेला तो हात आठवला. बेलांगच्या कानात ती म्हणाली, "जा बाई. वाट तुला ठावं हाये." मागचं दार उघडं टाकलं आणि पातेलं घेऊन बाहेर आली.

"आत काय ऱ्हायला गेली हुतीस का?"

"पातेलं सापडंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्सिदीनं गवताचा भारा फटफटीला आवळला, तेव्हा ती आडवी उभी राहिली.

"जाऊ नगा. गाय न्हाई तिथं."

"म्हंजे?"

"दावं कापलं म्या काल."

शाळेच्या पटांगणातली सगळी माणसं वळून बघायला लागली. कर्सिदीचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल.

"तुझ्या बापाचं घर हुतं का ते? माझ्या आज्यानं बांधलेलं घर सोडलंस तू! आजोबांला सांगून आलीस, घ्या म्हणून!"

"गाय टाकीवर आसंल. तिथं बघा आधी. मग मला मारायचं आसंल तर मारा."

मार्तो म्हणाला, "यू तुकी, ह्यो काय येडेपणा? वरची म्हातारी माणसं काय खुळी हुती?" यू म्हणजे थोरली बहीण, चिडला तरी मार्तोनं तिला कधी नुसतं नावानं हाक मारली नाही. तो कर्सिदीला म्हणाला, "तू खाली बघून ये. म्या वर बघतो. घावली तर माझ्या गाईंशेजारी बांधून ठिवतो, दावं बी माझंच घालतो. मग आजोबांला काय कळतंय!" आणि तो हसतच वर गेला.

कर्सिदी शिव्या देत टाकीवर गेला. बेलांग काकवीच्या पिंपाला तोंड लावून उभी होती, गळ्यात कापलेल्या दाव्याचा तुकडा लोंबत होता. तो तुकडा धरून हा तिला आणखी शिव्या देत होता, आणि तेवढ्यात पाठीमागं आभाळ काळं झालं.

कालीवुनी त्या दिवशी गेली. मार्तो गेला, त्याच्या दोन गाई गेल्या. बेलांग टाकीवरच व्याली, राखेच्या अंधारात, कंदिलाच्या उजेडात. कालवड झाली.

पुढं सरकारनं खाली नवी वसाहत दिली. पक्क्या विटांची घरं, एका ओळीत, सगळी सारखी. दारू न पिताही माणूस दुसऱ्याच्या दारात जातो. गाईंचा गोठा वसाहतीच्या टोकाला, सगळ्यांचा एकत्र. भोंगा बसवलाय, तो आजोबांच्या आधी ओरडतो, आणि बरं आहे ते. तरी पहाटे तुकिनेम उठते, गॅस पेटवते, आणि हात शेकायला जागा सापडत नाही. विटांच्या घराला श्वास नाही. कधी ती जुन्या जागेवर गवत कापायला जाते. तिथं गवत आता पुरुषभर वाढलंय, आणि वाळू न्यायला ट्रक येतात. खुंटा कुठं होता ते तिला पावलानं कळतं, असं ती म्हणते. कळत असेलही.

कर्सिदी मात्र चहाला कुणी बसलं की हटकून म्हणतो, "हिनं दावं कापलं आन् घर गेलं बघा."

"व्हय, कापलं. म्हणून तर बसलायसा हितं च्या ढोसत."

एकदा असंच चाललं होतं. मार्तोची सर्जियेम पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "माझ्या घरातलं दावं कुणी कापलं न्हाई."

कर्सिदीनं कप खाली ठेवला आणि गोठ्याकडं निघून गेला.

बराच वेळ झाला तरी येईना, म्हणून तुकिनेम मागून गेली. तो बेलांगच्या लेकीला दावणीला बांधून, तिच्या गळ्याखाली खाजवून, पलीकडच्या वाटेनं निघून गेला होता. तुकिनेम दाव्यापाशी गेली. गाठ कालीवुनीतल्यासारखी दुहेरी फास मारून आवळलेली नव्हती. नुसती सरकगाठ होती. तिनं टोक धरून जरा ओढलं, तर दावं अलगद हातात आलं.

शेजारची दावणही तिनं पाहिली. सर्जियेमची गाय. ती बांधायलाही कर्सिदीच यायचा. तीच गाठ.

तुकिनेमनं बेलांगच्या लेकीचं दावं परत होतं तसं बांधलं, सैल टोक हाताला येईल असं बाहेर ठेवून. मग तिच्या तोंडासमोर जाऊन बसली आणि हात पुढं केले.

"आगं, च्या गार हुतोय!" लांबनं तो ओरडला. "का आता हिच्याशी बी लगीन लावतीस?"

"इचारते," ती म्हणाली.