शंभर वॉटची परीक्षा

माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, धुळ्यात एका स्वस्त संगणकाचा जळालेला पॉवर सप्लाय दुरुस्त केला, त्याला अठरा वर्षे झाली. काल मेहरूणमधल्या एका दुकानात सोल्डरिंगचा धूर नाकात गेला आणि ती दुपार आठवली.

धुळ्यातल्या दुकानदार नानांची अक्काला अट होती: हा पॉवर सप्लायचा डबा चालू कर, मग इथे कामाला ये. त्यांच्याकडे दुरुस्त केलेली वस्तू आधी शंभर वॉटच्या बल्बमधून जोडत. बल्ब पेटून राहिला, तर आत शॉर्ट.

अक्काचा बल्ब झगझगीत पेटला.

"दिवाळी उनी का वं, पोरी?" नाना हसले. "नवा लई ये. हाई बठ्ठं भंगार शे." सगळे टाकून नवा आणायला ते सांगत होते.

"नवा लयना तं मी काय शिकसू, नाना?"

तिने प्लग काढला आणि कपॅसिटरमधली वीज उतरेपर्यंत हात मांडीवर ठेवून थांबली. तेव्हा मला ती घाबरल्यासारखी वाटली. आज तो संयम कळतो. मग तिला दिसले, की तिनेच बसवलेला डायोड उलटा होता. तो काढून तिने सरळ बसवला.

प्लग पुन्हा लावला. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला. डबा सुरू करण्यासाठी त्याची हिरवी तार काळीला जोडताच आतला पंखा फिरू लागला.

नानांनी अक्कासाठी टेबलावरचा अर्धा पसारा उचलून खाली ठेवला.