मीटरवरचे दोनशे वीस

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

आज सकाळी धाकट्या भावाची नवीन गाडी आली. दारात पूजा झाली, नारळ फुटला आणि काकांनी काचेतून डोकावून मीटर वाचलं, "दोनशे वीस हाय रं! लय पळंल." सगळी आळी खूश. ब्रेक कसे आहेत, एअरबॅग किती, कुणीही विचारलं नाही.

शोरूममध्ये मी विचारलं होतं, एवढा वेग आपल्याकडे कुठेच चालत नाही, मग आकडा कशाला? तिथला पोरगा हसला. "मॅडम, हेच मीटर बाहेरच्या देशांतल्या गाड्यांनापण लागतं. आणि लोक तो आकडा बघूनच गाडी घेतात ना."

दुपारी भाऊ मला आणि आईला घेऊन खालापूरहून कर्जतच्या रस्त्याला लागला. एका गावाआधी चाळीसची पाटी होती. काटा शंभराच्या आसपास. मी ओरडले तर म्हणतो, "ताई, अजून निम्म्यावरपण नाय आला!"

पुढच्याच वळणावर एक बाई डोक्यावर मोळी घेऊन चालली होती. मोळी टाकून तिने बाजूच्या चरात उडी मारली, म्हणून वाचली. भावाने करकचून ब्रेक दाबला. मी धावत गेले, विखुरलेली लाकडं गोळा करू लागले. ती मला शिव्या घालेल असं वाटलं होतं. तिने गाडीकडे बघितलं आणि काळजीने विचारलं, "कुनी सीरियस हाय काय गं आत?"

मंडळी, आम्ही नुसती चक्कर मारायला निघालो होतो.