म्हाताऱ्याला पाणी

म्हाताऱ्याला पाणी दाखवायला सांगितलं होतं, मी बैलाला पाजलं.

एवढंच असतं तर हसण्यावारी गेलं असतं. माझ्या घोटाळ्यांवर हसण्यातच रंगनाथची निम्मी हयात गेली. पण त्याला जाऊन आता महिना उलटला, आणि हसायला समोर तो नाही... त्या सकाळी दुकानाचं शटर उचलत होतो तेवढ्यात वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ह्ये उठंनात." झोपेतच गेला होता. दुकान उघडं टाकून पळत सुटलो. लाज वाटते सांगायला, पण डोक्यात पहिला विचार आला तो हा, की ह्या गड्याच्या शिव्या खायच्या राहिल्या. एका गोष्टीबद्दल त्यानं मला शिव्या द्यायला हव्या होत्या, आणि दिल्या नव्हत्या.

रंगनाथ मूर्तिकार. आमच्या बेलापूरच्या आसपास कुठल्याही देवळातला मारुती किंवा चौकातला पुढारी बघा, बराचसा त्याच्याच हातचा. स्टुडिओ म्हणजे घरामागची कांद्याची चाळ. कांदा लावणं सोडल्यावर त्यानं ती बळकावली. चाळीच्या फटींतून वारा खेळतो. कांद्याला तो मानवतो, ओल्या मातीला नाही. हे मला आता कळतं. आत हा पसारा! धड नसलेले हात, गणपतीच्या सोंडा, साचे, कोरण्या, मातीनं बरबटलेले चहाचे कप. रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की मी तिथं उलट्या क्रेटवर जाऊन बसायचो आणि गावभरच्या गप्पा हाणायचो. तो समोर मातीच्या एका गोळ्याशी झटत असायचा. गोळ्याचं तोंड त्याच्याकडं, पाठ माझ्याकडं. मी रंगात येऊन हातवारे करायला लागलो की खेकसायचा, "वश्या, हलू नको. नुस्ता बस की लेका!" मला वाटायचं, धक्का लागून काही फुटेल म्हणून भितोय.

एप्रिलात तो आणि वहिनी लेकीकडं अकोल्याला निघाले. एसटीत चढता चढता किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "म्हाताऱ्याला तेवढं दोन टाइम पाणी दाखव." आता त्यांच्या दारात एक थकलेला बैल बांधलेला, आणि आपल्याकडं पाणी दाखवतात ते जनावरालाच. मी इमानानं सकाळ-संध्याकाळ बादली भरून बैलापुढं धरली. तोही बिचारा इमानानं प्यायला.

तेवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला! किल्ली हातात होती, म्हटलं, दोस्ताला जरा चकित करू. मी भांडीवाला, आमच्यात मोठ्या पातेल्यात लहान पातेलं, त्यात त्याहून लहान. त्याच हिशेबानं साचे एकात एक बसवले, हात पळ्यांसारखे टांगले, आणि मारुती, माजी सरपंच, साईबाबा अशी डोकी उंचीनं ओळीत लावली. कोपऱ्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं एक डोकं होतं, कुबट वास मारत होतं. गोणपाटं सोडली, खसाखसा धुतली आणि कडक उन्हात वाळत घातली. आतून कुणी म्हातारा निघाला. भज्यासारखं नाक, सुपासारखे कान. "हे कुठलं ध्यान?" असं मोठ्यानं म्हणालो आणि त्यालाही ओळीत उभं केलं.

रंगनाथ परतला तेव्हा त्या म्हाताऱ्याची माती वाळून कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा गेला होता. त्यानं तड्यावरून बोट फिरवलं. "पानी न्हाई दाखवलं?" मी म्हटलं, "दाखवलं की! बैलाला विचार." तेव्हा तो हसला, खोकला येईपर्यंत हसला. मग क्रेटवर बसला... माझ्या क्रेटवर. "असू दे. पुन्हा करू," म्हणाला. पण त्यानंतर त्याला एक कोरणी धड सापडेना. ओळीत लावलेल्या त्या चाळीत तो परक्याच्या घरी आल्यासारखा उभा राहायचा आणि बाहेर यायचा. पुन्हा काही झालंच नाही.

दहाव्याला माणसं पांगल्यावर मी धीर करून वहिनींना विचारलं, "ते डोकं करायला कुणी सांगितलं होतं? त्यांना काय तोंड दाखवायचं?"

"कुनी सांगतंय?" वहिनी म्हणाल्या. "त्यो म्हातारा म्हंजी तुमीच की, भाऊजी. त्याला सांगू नको, लाजंल, म्हनायचे. पुरा झाल्यावं दुकानात न्हेऊन ठिवनार हुते."

मी चाळीत गेलो. कान शाबूत होते. आता बघितलं तर ते माझेच होते, किंचित पुढं झुकलेले, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखे. माझे कान कुणाचं ऐकतात, हे त्यालाच कधी दिसलं असेल कोण जाणे... काय करावं सुचेना. गोणपाट बादलीत बुचकळलं, पिळलं, आणि त्या डोक्यावर टाकायला गेलो.

दारातून वहिनी ओरडल्या, "अवो, ठिवा ते! तवा वाळीवला, आता भिजवून इरघळवता व्हय? कशालाच हात लावू नका. त्या क्रेटवं नुस्तं बसा. तेवढंच येतंय तुमाला."