मिटलेली तिसरी

मोठ्या टोपात कोलंबी, मक्याचे तुकडे, बटाटे आणि तिसऱ्यांचे शिंपले एकत्रच उकळत होते. शेजारी कढल्यात बटरमध्ये लसूण आणि लाल तिखट तडतडत होतं. सासरहून अचानक आलेली माझी लेक हा नवाच प्रकार रांधत होती. का आली, ते मात्र तिनं अजून सांगितलं नव्हतं.

आम्ही तिसऱ्या कच्च्याच विळीवर उघडतो. मी विळी काढलीही होती. ती म्हणाली, "नको आई. वाफ लागली की आपोआप उघडतील."

वाट बघणं मला कधी जमलेलं नाही. झाकण थडथडत होतं आणि प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. बोलत नसलेल्या माणसासमोरही मी विळीच घेऊन बसते की काय!

तिनं झाकण काढलं. सगळे शिंपले उघडले होते, एक सोडून. बटर ओतण्याआधी तिनं तो डावानं उचलला. "हा टाकायचा. उघडत नाही तो खायचा नसतो."

"अजून थोडा वेळ ठेवू या ना," मी म्हटलं.

आल्यापासून पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग शिंपला हळूच परत टोपात सोडला आणि झाकण ठेवलं.