साइयुतताईचा नवरा भिक्षेला येतो

साइयुतताईचा नवरा रोज पहाटे तिच्या दारात भिक्षा मागायला येतो. ती चपला काढते, मोडक्या गुडघ्यांवर कशीबशी बसते, त्याच्या पात्रात भात वाढते आणि त्याला हात जोडते. लग्नानंतरच्या चाळीस वर्षांत तिने त्याला हात जोडले नव्हते. उगारले मात्र बऱ्याचदा होते.

मी तिची शेजारीण, नोइना. आमच्या दोघींचं कुंपण एकच, म्हणून भिक्षाही आम्ही शेजारी शेजारी बसून वाढतो. शिवाय मी गावची आरोग्यसेविका आहे. सरकारने मला एक टोपी आणि रक्तदाब मोजायचं यंत्र दिलं आहे. गावभरच्या म्हाताऱ्यांचा दाब मी मोजते, आणि सगळ्यांत जास्त माझाच भरतो.

साइयुतताईला साखर आहे, दाब आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, गुडघे गेलेले आहेत आणि मूत्रपिंडं कुरकुरतात. "कशी आहेस ताई?" असं विचारलं की ती म्हणते, "कुणाची चौकशी करतेस? साखरेची, की गुडघ्यांची?" तिच्या गोळ्या एका पिशवीत गुण्यागोविंदाने नांदतात. सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली, हे मी तिला अनेकदा शिकवलं. तिचं म्हणणं असं, की पोटात गेल्यावर त्या आपापसांत ठरवून घेतात.

मागे शहरातून विद्यापीठाची एक पोरगी आली होती. गरीब म्हाताऱ्यांच्या आयुष्याचा दर्जा मोजायचं काम होतं तिचं. पाय मुडपून बसली आणि गोड आवाजात म्हणाली, "आजी, तुमच्या आयुष्याला पाचपैकी किती गुण द्याल?"

ताईने विचारलं, "नवरा घरात होता तेव्हाच्या, की विहारात गेला तेव्हापासूनच्या?"

पोरीकडे त्यासाठी वेगळा रकाना नव्हता.

तर हा नवरा, तेम. आमच्या फेचबुरी प्रांतात ताडांची कमी नाही. तेम जन्मभर ताडावर चढला. काढलेल्या रसातला अर्धा गुळाच्या कढईत जायचा आणि अर्धा त्याच्या पोटात आंबायचा. पुढे साखरेने पाय बधिर झाले, ताड सुटला आणि गडी घरात पंख्यासमोर बसला. पंखा त्याचा, टीव्ही त्याचा, चटईची मधली जागा त्याची. ताईने सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच्या हाका ऐकायच्या. मग एका सणाला त्याने जाहीर केलं, की मला संसाराचा वीट आला आहे, मी भिक्खू होतो. संसाराला त्याचा वीट कधीचाच आला होता. म्हाताऱ्या गरीब पुरुषांना विहारात डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचं आयतं अन्न मिळतं, हे गावाला कळत नाही असं थोडंच आहे? पण डोकं भादरून चीवर पांघरलं, की माणूस लुआंग ता होतो, म्हणजे भिक्खू आजोबा, आणि मग त्याच्याबद्दल वावगं बोलायचं नसतं. थोरल्या भन्तेंनी बायकोची संमती विचारली. त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ताईने हो म्हटलं आणि ती रडली. लोकांना वाटलं, विरहाने.

तेव्हापासून ती पंख्याखाली मधोमध हातपाय पसरून झोपते. चिनी राजघराण्यांच्या मालिका बघते. दुपारी वाटलं तर जेवते, नाहीतर नाही. आजार आहेत तेवढेच आहेत, पण बाई खुलली. मी तिला इतकं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

मग लुआंग ताच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. भिक्षेला अनवाणी चालायचं असतं; खडा रुतला आणि बधिर पायाला पत्ताच लागला नाही. आरोग्यकेंद्रात साखर तपासायचा वार आमचा सगळ्यांचा एकच. पहाटेच जाऊन आम्ही आमच्या चपला रांगेत लावतो आणि अनवाणी बाकांवर जाऊन गप्पा मारतो. नंबर येईल तो चपलांचा. भिक्खूंना मात्र रांग नाही. जन्मभर सगळीकडे उशिरा पोचलेला माणूस आता सगळ्यांच्या आधी आत जातो, हे ताईला अजून पचलेलं नाही.

नर्स ओराथाय जरा बहिरी आहे, त्यामुळे आमच्या गावात कुणाचा आजार गुपित राहत नाही. दार उघडंच होतं.

"लुआंग ता, अंगठा काळा पडायला लागलाय. गोड बंद करा. नाहीतर आधी अंगठा जाईल, मग पाऊल."

"गोड मी मागत नाही. लोक वाढतात. पात्रात पडलेलं आम्हाला नाकारता येत नाही."

"आणि संध्याकाळी ते संत्र्याचं सरबत पिता ते?"

"दुपारनंतर आम्हाला जेवण वर्ज्य आहे. ते औषध म्हणून घेतो."

सोबत थोरले भन्ते होते. ते म्हणाले, पाय गेला तर विहारात यांना उचलायला-बसवायला माणूस नाही. चीवर उतरवून घरी जावं लागेल.

बाकावर बसलेल्या ताईचा चेहरा मी पाहिला आणि यंत्र काढून तिथल्या तिथे तिचा दाब मोजला. कधी नव्हे ती माझ्या पुढे गेली होती.

"नोइना," ती म्हणाली, "तो माणूस घरी परत आला तर मी मरेन. त्याचा अंगठा वाचलाच पाहिजे."

"दया आली का त्याची?"

"पंख्याची आली."

दुसऱ्या दिवसापासून तिने त्याच्या पात्रात उकडलेलं कारलं आणि हातसडीचा भात वाढायला सुरुवात केली. उपयोग शून्य. तिच्या कारल्यामागे पुढच्या प्रत्येक दारातून गोडाची पिशवी पडायची. यात लोकांची चूक तरी काय? आपल्या मेलेल्या माणसाला जे आवडायचं ते भिक्खूला वाढलं की पुण्य बरोबर त्याच्यापर्यंत पोचतं. आणि ताडगुळाच्या गावात मेलेल्यांना आवडायचं काय? सगळं गोडच. सरपंचीण तर मेलेल्या सासूच्या नावाने अंड्या-नारळाची खरपूस खांडवी ताटभर पाठवायची. सासू जिवंत होती तेव्हा तिला तुकडा मिळाला नव्हता, तो भाग निराळा. मी टोपी घालून घरोघर सांगत फिरले. सगळ्यांनी मान डोलावली आणि एकीने मला वाटेत खायला खांडवीच बांधून दिली. मी खाल्ली.

मग साइयुतताईला स्वप्न पडलं.

ते तिने बाजारात, मासळीवालीसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "रात्री आई आली होती. पाय सुजलेले, डोळ्यांना दिसेना. म्हणाली, अगं, इतकी वर्षं तुम्ही गोड पाठवताय, आम्हाला वरती सगळ्यांना साखर झालीय. गावातले सगळे म्हातारे रांगेत बसलेत. सरपंचाची आई तर पार आडवी आहे."

सरपंचिणीचा हात पिशवीतच राहिला.

मासळीवालीने खालच्या आवाजात विचारलं, "आई काही आकडा बोलली का?" स्वप्नात मेलेलं माणूस आलं आणि लॉटरीचा आकडा न सांगता गेलं, असं आमच्याकडे कुणी मानत नाही. ताईने एवढा विचार केलेला नव्हता. तोंडाला आलं ते बोलून गेली, "साखर एकशे सव्वीस, म्हणाली. उपाशीपोटी."

गावाने दोन आकडी लॉटरीत सव्वीस लावला. आणि लागला. आता याला मी काय करू?

त्यानंतर अख्खं गाव उकडायला बसलं. कारली, दुधी, शेवग्याच्या शेंगा, बिनमिठाचा पाला. पात्रात खांडवी दिसेना. मेलेल्यांची तब्येत सुधारली की नाही कोण जाणे, पण विहारातल्या सगळ्या भिक्खूंची साखर उतरली. त्यांच्या तोंडावरचं हसूही उतरलं. भिक्षेच्या रांगेत ते मयताला आल्यासारखे चालायचे. भिक्खूंचा पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास निम्मा झाला तोवर लुआंग ताचा अंगठा भरून आला. डॉक्टरांनी चपला घालायची परवानगी लिहून दिली. ताईने त्या रात्री दोन मालिका पाहिल्या.

आणि एका पहाटे लुआंग ता आमच्यासमोर थांबला तो हलेना. बाकीचे भिक्खू पुढे निघून गेले.

"उपासिके, वर्षावास संपला की मी चीवर उतरवतो. घरी येतो."

ताईचा चमचा भांड्यावरच थांबला. "का? अंगठा तर बरा झाला आपला."

"अन्न घशाखाली उतरत नाही. रोज कारलं. आता माणसं कारल्याचं लोणचंसुद्धा वाढायला लागली."

"मग घरी आपल्याला काय मिळेल असं वाटतं? तेही कारलं माझ्याच चुलीवरचं आहे."

"घरी निदान मीठ असेल."

"मीठ बंद आहे मला. मूत्रपिंडं."

लुआंग ता आपल्या चपलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ते ऐकलं मी. नर्स ओरडून सांगत होती परवा. आजार चौथ्या पायरीवर आलाय म्हणे तुझा. पुढे रक्त धुवायचं मशीन लावावं लागेल. म्हणून येतो. घरात कुणी नाही तुझ्या. पडलीस बिडलीस तर?"

म्हणजे कारल्याचं निमित्त होतं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. हा कळवळा चाळीस वर्षं कुठल्या ताडावर टांगून ठेवला होता?

ताई उठायला गेली. गुडघ्यांनी साथ दिली नाही, म्हणून बसूनच बोलली, आणि तो भिक्खू झाल्यापासून पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं.

"तेम, तुला साधं पाणी उकळता येत नाही. तू आलास की घरात एक रोगी आहे तिथे दोन होतील, आणि दोघांचं मलाच करावं लागेल. मला माहीत आहे माझं किती उरलंय. पण आत्ता कुठे मी माझ्या मर्जीने झोपते आणि उठते. हे असंच संपू दे मला. एवढं तरी दे."

तो म्हणाला, "मग मी करू काय?"

तिने पदर सारखा करावा तसं खांद्यावरचं फडकं सारखं केलं आणि पुन्हा अदबीने बोलू लागली. "आपण रोज येता तसंच यावं. मी इथे बसलेली दिसले तर आशीर्वाद देऊन पुढे जावं. एखाद्या दिवशी दिसले नाही, तर जिना चढून वर घरात यावं."

मी म्हटलं, "ताई, मी आहे की शेजारी."

"तू माझ्याआधी जाशील. दाब बघ स्वतःचा."

लुआंग ता चुळबुळला. "बाई एकटी असेल त्या घरात जायची आम्हाला मनाई आहे."

"मेलेली बाई असेल तर चालतं का, ते थोरल्या भन्तेंना विचारून ठेवा."

त्याने आशीर्वादाचं पठण सुरू केलं. मध्येच ओळ चुकली, त्याने पुन्हा पहिल्यापासून म्हटलं आणि रांग गाठायला लंगडत निघून गेला. आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून उठलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो आला. पात्राचं झाकण उघडलं आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, "विचारलं. चालतं म्हणाले."

साइयुतताईने भाताचा चमचा पात्रात पालथा केला, हात जोडले आणि मान खाली घालूनच म्हणाली, "मग सावकाश या. घाई नाही."